आईचं हृदय आणि अर्जुनाची साल

आईच्या केमोतलं औषध सरबतासारखं लालभडक दिसायचं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की ते कॅन्सरला मारतं, पण हृदयालाही दुखवू शकतं. इकोत हृदय कमजोर दिसलं तर ते बंद करावं लागेल. ही बातमी पनवेलभर झाली आणि आमच्या घरी झाडपाल्याची रीघ लागली.

शेजारचे काका केमिकल कंपनीतून रिटायर झालेले. नव्वदच्या दशकात रविवारच्या पुरवण्यांना 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द नवीनच सापडला होता, तो काका जिथे तिथे शिंपडत. पळस्प्याच्या पुढे ओढ्याकाठी अर्जुनाचं एक झाड होतं. साल हृदयाला बळ देते म्हणत काकांनी ते इतकं सोलून आणलं की केमो आईपेक्षा त्यालाच जास्त लागली असावी. उरणची मावशी आवळ्याची पूड घेऊन आली आणि तिने आल्या आल्या काकांच्या सालीला नाक मुरडलं. मग दोघांचं असं जुंपलं की पेशंट कोण हे कुणाला आठवेना. मला संताप यायचा. उलट्यांनी गळून गेलेल्या बाईला हे लोक काढा कसा उकळायचा ते शिकवत बसायचे. आई मात्र "बरं, घेते" म्हणायची आणि पुडी ठेवून घ्यायची.

पुढच्या इंजेक्शनाआधी इको झाला. रिपोर्ट हातात येईपर्यंत माझंच हृदय तपासायची वेळ आली होती. रिपोर्ट चांगला निघाला. संध्याकाळी काका विजयी मुद्रेने हजर झाले, मावशी आधीच येऊन बसली होती, आणि श्रेय सालीचं की आवळ्याचं यावर पुन्हा पेटलं.

खरं काय ते मला ठाऊक होतं. विचारल्याशिवाय काहीही घ्यायचं नाही, औषधाच्या कामात ते आड येऊ शकतं, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आईने एक घोटही घेतला नव्हता. साल रोज सकाळी बंबात जायची. अँटिऑक्सिडंटचा जो काही लाभ झाला तो बाबांच्या आंघोळीला.

आता सांगूनच टाकते म्हणून मी पुढे झाले, तर आईने माझा हात धरला आणि मला स्वयंपाकघरात नेलं.

"राहू दे गं. कॅन्सर म्हटलं की लोक घरात यायला कचरतात. हातात काही द्यायला असलं की येतात तरी."

मी चहा टाकला. बाहेर काका निघायला उठले होते. आई भिंतीला धरत धरत दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "साल संपत आली हो भाऊ. उद्या आणाल ना?"