फिका जुळा ठिपका

गेली सव्वीस वर्षं मावशी भिंगांच्या कारखान्यात दोन तिकोनी काचा तिरक्या बाजूंनी चिकटवून चौकोनी ठोकळा करतात. जोडावरच्या थरामुळे प्रकाश दुभागतो: आडवा थरथरणारा सरळ पार जातो, उभा काटकोनात वळतो. किरण सोडल्यावर दोन्हीकडच्या कागदांवर एकेक ठिपका पडला, की ठोकळा पास.

आज मात्र प्रत्येक ठिपक्याशेजारी एक फिका जुळा दिसत होता. बारा ठोकळे बाद करून त्या काचांवर थर देणाऱ्या पोरावर करवादल्या, "काम करता की पाट्या टाकता?"

मग थकून त्यांनी डावा डोळा तळहाताने झाकला. जुळा नाहीसा झाला. हात काढला, पुन्हा हजर. त्यांनी बाराही ठोकळे गुपचूप चांगल्यांत ठेवले.

कामावरून सुटताना त्या पोराने घुश्शातच विचारलं, "मावशी, शेवटी बाद किती?"

"एकच. माझा डावा डोळा."