दाद पोटात ठेवू नये

चांगलं काही दिसलं आणि नाना गप्प बसले, असं कधी झालं नाही. ट्रॅम हळुवार थांबली की, "वा, ड्रायव्हरसाहेब!" शेजाऱ्यांचा सोफा इमारतीला बाहेरून लावलेल्या सामानाच्या लिफ्टने वर चढून खिडकीतून अलगद आत गेला, तेव्हा नाना फुटपाथवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. काय चुकलं म्हणून हमाल बिचारे सोफाच तपासत बसले.

नाना म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागातल्या माझ्या शेजारणीचे, रश्मीचे वडील. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे राहायला आले होते. सांगलीला विमा कचेरीत जन्म गेला, पण जीव नाटकात. पुढच्या रांगेत बसून नटाला दाद देणं हे त्यांचं खरं काम. नोकरी आपली पोटापुरती. "दाद पोटात ठेवू नये, आंबते," असं मला चहा पिता पिता सांगायचे. मला त्यांचं भारी कौतुक वाटे. मी पडले बाहेरची! रश्मीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होई.

एकदा डॉक्टरीणबाईंनी त्यांचा कान साफ करून दिला. ऐकू आल्याबरोबर नाना ओरडले, "बहोत अच्छे!" सगळा दवाखाना दचकला. बाहेर आल्यावर रश्मी माझ्यादेखत कडाडली, "बाबा, प्लीज! इथे कोणी असं करत नाही. किती ऑकवर्ड होतं मला!"

"बरं," नाना म्हणाले, आणि खरंच गप्प झाले. कालव्यावरचा पूल उघडून बोट गेली तरी तोंडातून अक्षर नाही. मग एक दिवस म्हणाले, "रश्मी, परतीचं तिकीट अलीकडचं मिळतं का बघ गं. घर बंद आहे तिकडे."

"घराचं निमित्त आहे गं," रश्मी माझ्या स्वयंपाकघरात रडली. "मीच त्यांचं तोंड बंद केलं."

त्याच सुमारास काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकाराचा प्रयोग अ‍ॅमस्टरडॅमला आला. रश्मीने आम्हा तिघांची तिकिटं काढली. सुरुवातीला निवेदिकेने सांगितलं, की नट ऐन क्षणी आवेशात थिजून उभा राहतो, तेव्हा जपानातले रसिक प्रेक्षागृहातून त्याला हाक देतात, तुम्हीही द्या. डच मंडळी सभ्यपणे हसली.

नायिका म्हणून उतारवयातला पुरुष आला आणि मान अशी लववली, की नाना खुर्चीत पुढे सरकले. मग नायक आला. रंगमंचाच्या कडेला कुणी आपटलेले लाकडी ठोकळे कडाडले, त्याने पाय आपटला, डोळे फिरवले आणि थिजला. सभागृह चिडीचूप. नानांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. ओठ मिटलेले. मला ते बघवेना. रश्मी नाटक सोडून त्यांच्याकडेच बघत होती.

ठोकळे पुन्हा कडाडले. नट पुन्हा थिजला. आणि ऑफिसच्या मीटिंगमध्येही जिचा आवाज कधी चढत नाही, ती आमची रश्मी ओरडली, "वा!"

आवाज चिरका होता, पण पोचला. चार माना वळल्या. नानांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग छाती भरून घेतली, "वाहवा! क्या बात है!" मागून कुणी जपानी आजोबा त्यांच्या भाषेत गरजले. बहुधा तेही कुणाची तरी वाट बघत बसले होते. नंतर तर डच लोकांनाही कंठ फुटला.

पुढे नाटकात काय झालं ते मला विचारू नका.

मेट्रोत नानांनी हळूच विचारलं, "ते तिकीट बदललंस का गं?"

"नाही बाबा. अजून नाही."

"मग राहू दे. शनिवारी आणखी एक प्रयोग आहे म्हणतात त्यांचा. आणि हे बघ, या खेपेला पुढची रांग घे. तुझा आवाज लहान आहे."