बॉनेटवरचं स्वस्तिक

मरीन परेडच्या आमच्या कॉन्डोच्या इमारतीत, खालच्या तळघरात, खांब आणि भिंत यांच्यामध्ये पार्किंगची एक जागा आहे. तिथे गाडीला एकाच बाजूने शेजार मिळतो. शेजारच्या गाडीचं दार उघडताना धक्का लागण्याची शक्यता निम्मी होते, म्हणून मी ती जागा व्यवस्थापनाकडून मागून घेतली होती. त्या जागेवर जवळपास दहा वर्षं एक पांढरी गाडी राखाडी कव्हरखाली उभी होती.

गाडी ऑस्ट्रेलियात बनलेली, चार दारांची, बाहेरून साधी. इंजिन आठ सिलिंडरचं आणि त्यावर सुपरचार्जर. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंप. तो बाहेरची हवा दाबून आत ढकलतो, इंजिन जास्त इंधन जाळतं आणि गाडी तिच्या वजनाला न शोभणाऱ्या वेगाने पुढे जाते. तेव्हा त्याचा एक बारीक, चढत जाणारा सूर ऐकू येतो. अमेरिकेत अशा गाड्या पुष्कळ, पण त्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. इथे, या बेटाच्या देशात, ते चालत नाही. उजव्या स्टिअरिंगच्या मोजक्याच बनल्या आणि मग त्या कारखान्याचं काम बंद झालं.

मी एका वृत्तसंस्थेत बाजाराच्या बातम्या तपासतो. त्या काळात एक लेख माझ्याकडे आला होता. विजेच्या गाड्या आल्यावर अशी इंजिनं पुन्हा बनणार नाहीत, त्यामुळे आज घेतलेली सुपरचार्जरची गाडी उद्या संग्राहक शोधत येतील, असं त्यात म्हटलं होतं. कमी चाललेली, मूळ रंगातली, मूळ भागांची गाडी असेल तर अधिकच. लेखातल्या दोन वाक्यांना मी आधार मागितला, एक परिच्छेद कापला आणि मजकूर पुढे पाठवला. पुढच्या महिन्यात गाडी घेतली.

तेव्हा घरात तिघं होतो. बायकोचं म्हणणं होतं, घ्यायचीच तर दसऱ्याला आण. आणली. शोरूममधून आम्ही थेट लिटिल इंडियातल्या देवळात गेलो. पुजाऱ्यांनी चाकांखाली लिंबं ठेवली, काचेवर चंदनाची बोटं ओढली, नारळ फोडला आणि पुढच्या गाडीकडे वळले. मागे रांग होती. बायकोला एवढ्याने समाधान नव्हतं. तिने पर्समधून एक छोटी डबी काढली आणि बॉनेटच्या बरोबर मध्यावर, अनामिकेने, कुंकवाचं स्वस्तिक काढलं. चार ठिपके दिले. झेंडूची माळ आरशाला अडकवली आणि मला सांगितलं, पाडव्यापर्यंत पुसायचं नाही.

मी पुसलं नाही. गाडी तळघरात नेऊन वरून कव्हर चढवलं. पाडव्याला कव्हर काढून ओल्या फडक्याने बॉनेट पुसलं. कुंकू निघालं, पण रंगावरच्या पारदर्शक थरात फिकट गुलाबी आकृती उरली. समोरून दिसत नसे. बाजूने उजेड पडला की दिसे.

मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिला मैत्रिणींबरोबर सेंटोसाच्या किनाऱ्यावर जायला गाडी हवी असायची. मी टॅक्सीचे पैसे द्यायचो. गाडी किती चालली ते दाखवणाऱ्या मीटरवरचा आकडा कमी राहायला हवा, हे मी तिला समजावून सांगितलं होतं.

"बाबा, इट्स अ कार लाह," ती म्हणाली. "नॉट फिक्स्ड डिपॉझिट."

पुढे ती मेलबर्नला नोकरीला गेली. त्यानंतर बायको काही दिवसांसाठी पुण्याला गेली, वडिलांचं आजारपण होतं म्हणून. वडील बरे झाले. नंतर वारले. ते 'काही दिवस' संपले की नाही, याबद्दल आमच्यात कुणी काही जाहीर केलं नाही. भांडण झालं नव्हतं. फोन महिन्यातून एकदा, मग सणावारी. तिच्या साड्यांचं कपाट तिच्या बहिणीने येऊन रिकामं केलं. तेव्हा मी ऑफिसात होतो.

रविवारी सकाळी मी गाडी बाहेर काढत असे. विमानतळापर्यंत आणि परत, बॅटरी आणि तेल ठीक राहावं एवढंच. पाऊस दिसला तर तेही नाही. घरी येऊन चाकं पुसायची, कव्हर चढवायचं, त्याच्या दोऱ्या बांधायच्या. पहारेकरी हात करायचा. त्या दिवशी तेवढंच बोलणं व्हायचं आणि त्यात शब्द नसायचे.

या देशात गाडी घेताना ती दहा वर्षं बाळगण्याचा हक्क वेगळा विकत घ्यावा लागतो. त्याला सगळे सीओई म्हणतात. मुदत संपली की तीन वाटा. गाडी मोडीत द्या, परदेशी पाठवा किंवा पुन्हा हक्क विकत घ्या. पाच वर्षांचा स्वस्तात पडतो, पण तो एकदाच मिळतो. त्यानंतर गाडीला इथे जागा नाही. पस्तीस वर्षं टिकली तर तिला क्लासिक म्हणतात आणि नियम सैल होतात. तोवर मी ऐंशीच्या पुढे गेलेला असेन. उद्याच्या संग्रहाची वस्तू ठेवायला मी असा देश निवडला होता, जिथे उद्याची मुदत छापील असते.

मुदत संपायला सहा आठवडे उरले तेव्हा मी मूल्यमापन करणाऱ्या एका माणसाला बोलावलं. साठीचा चिनी गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, खिशात टॉर्च. इथून बाहेर जाणाऱ्या गाड्या तो परदेशी संग्राहकांना मिळवून देतो. मला तो बॉस म्हणत होता. पहारेकऱ्यालाही बॉसच म्हणाला.

मी कव्हर काढलं. त्याने मीटर पाहिला आणि मान हलवली. दारांच्या उंबऱ्यावरचं कारखान्याचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, हे पाहून तो हसला. एका छोट्या यंत्राने त्याने रंगाची जाडी जागोजागी मोजली. सगळीकडे मूळ रंग. इंजिनावरचे बोल्टसुद्धा कधी फिरवलेले नाहीत, असं तो म्हणाला. इंग्लंडमध्ये त्याचा एक ग्राहक अशाच गाडीच्या शोधात होता. तो ती तापमान राखलेल्या कोठारात ठेवणार होता. चालवणार नव्हता.

मग त्याने टॉर्च बॉनेटला समांतर धरला आणि थांबला.

"बॉस, हे काय आहे?"

मी सांगितलं. त्याला ते चिन्ह माहीत होतं. त्याच्या आजीच्या देवळाच्या दारावर तेच होतं, असं तो म्हणाला. त्याला स्वतःला काही अडचण नव्हती.

"पण तुमचा ग्राहक इंग्रज आहे," मी म्हणालो.

"माझा ग्राहक म्हातारा इंग्रज आहे. त्याचे वडील जर्मनांविरुद्धच्या लढाईत होते," तो म्हणाला. "बॉनेटचा फोटो पाहून तो चहाचा कप खाली ठेवेल आणि पुन्हा मला फोन करणार नाही."

उपाय सोपा होता. बुकित बातोकच्या औद्योगिक भागात एक वर्कशॉप होतं. तिथे पॉलिश करून वरचा थर केसभर उतरवतील. रंग मूळचाच राहील, डाग जाईल, ग्राहक पैसे पाठवेल. माझं काम फक्त होकार देण्याचं होतं. मी होकार दिला. दहा वर्षं ज्यासाठी गाडी सांभाळली, तेच घडत होतं.

दोन दिवसांनी वर्कशॉपमधून निरोप आला. डाग कशाचा आहे? रंग पाण्यात कालवला होता की आणखी कशात? त्यावर कोणतं रसायन वापरायचं ते ठरणार होतं. हे फक्त एका व्यक्तीला माहीत होतं. सण नसताना मी पुण्याला फोन लावला.

तिने उचलला आणि आधी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. एक विचारायचं होतं. दसऱ्याला गाडीवर कुंकू लावलंस, ते कशात कालवलं होतंस?"

"कुठल्या दसऱ्याला?"

"गाडी आणली तेव्हा."

मागे मिक्सर चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"तेलात," ती म्हणाली. "घरूनच कालवून नेलं होतं. आभाळ आलं होतं त्या दिवशी. पाण्यात कालवलं असतं तर घरी पोचेपर्यंत ओघळलं असतं. का?"

"डाग राहिलाय."

"अजून?" ती हसली. "चला, म्हणजे त्या गाडीला कुणीतरी हात लावला होता याचा पुरावा आहे."

मी तिला इंग्लंडच्या ग्राहकाबद्दल सांगितलं. वडिलांची लढाईही सांगितली.

"घाबरेल रे बिचारा. पुसून टाक."

"पुसू?"

"मला काय विचारतोस? तू रोज लोकांची वाक्यं पुसतोस." मग आवाज न बदलता ती म्हणाली, "मी ते गाडी नीट चालावी म्हणून काढलं होतं. आम्हाला घेऊन. नुसती नीट राहावी म्हणून नव्हतं काढलं."

तिने जेवण झालं का विचारलं. मी हो म्हणालो. झालं नव्हतं. तिच्याकडे पाहुणे होते, तिने फोन ठेवला.

वर्कशॉपला मी लिहून कळवलं: तेल.

शनिवारी गाडी घेऊन बुकित बातोकला जायचं होतं. ट्रकवर चढवून नेऊ, असं त्या गृहस्थाने सुचवलं होतं, म्हणजे मीटर वाढायला नको. मी चालवत नेली. मरीन परेडहून बेट ओलांडून पश्चिमेला जायचं म्हणजे तासाभराचासुद्धा रस्ता नाही, पण त्या गाडीने एका दमात इतकं अंतर कधीच कापलं नव्हतं. चढावर मी पाय थोडा दाबला. पंपाचा तो सूर वर चढला आणि गाडी पुढे गेली. बाजूच्या बसमधल्या एका बाईने काचेतून पाहिलं. आवाजाबद्दल काही म्हणावं असं वाटलं. डावीकडची सीट रिकामी होती.

वर्कशॉपमध्ये गाडी पांढऱ्या नळ्यांच्या दिव्यांखाली उभी केली. मूल्यमापन करणारा गृहस्थ आधीच आला होता. त्याने आधी मीटर पाहिला. पॉलिश करणाऱ्याने डागाभोवती निळ्या टेपची चौकट चिकटवली. त्या दिव्यांखाली स्वस्तिक पहिल्यांदाच समोरून स्पष्ट दिसत होतं. एक भुजा जरा आखूड होती. मागे रांग होती, पुजारी पुढे घ्या म्हणून हात हलवत होते, तेव्हा तिने घाईत बोट उचललं होतं. चौथा ठिपका बोटाच्या टोकाएवढा होता, बाकीचे तीन मोठे.

पॉलिश करणाऱ्याने यंत्र हातात घेतलं आणि सुरू करू का असं विचारलं.

मी म्हणालो, "नको."

मूल्यमापन करणाऱ्या गृहस्थाला वाटलं, मला यंत्राची भीती वाटते. रंग अजिबात खराब होणार नाही, याची हमी त्याने दिली. मी त्याला सांगितलं की गाडी द्यायची नाही. पाच वर्षांचा सीओई घेणार आहे.

"बॉस, पाच वर्षांनी ती मोडीत जाईल."

"माहीत आहे."

"आणि तोपर्यंत चालवलीत तर ती संग्रहातली गाडी राहणार नाही. नुसती जुनी गाडी होईल." तो रागावला नव्हता, माझ्या भल्याचंच सांगत होता. नंतर त्याने खिशातला टॉर्च काढला, एकदा बॉनेटवर फिरवला आणि विचारलं, "मिसेस कुठे असतात?"

"पुण्याला."

त्याने मान हलवली. टेप त्यानेच सोलून काढली, हळूहळू, रंगाला ताण बसणार नाही अशी.

परतताना पाऊस लागला. इथला दुपारचा पाऊस, पाच मिनिटांत सगळं पांढरं करणारा. त्या गाडीवर पडलेला तो पहिलाच. तळघरात पोचल्यावर मी बॉनेटचा एक फोटो काढून पुण्याला पाठवला. थेंबांमुळे आकृती नीट येत नव्हती, मी तिरका उजेड शोधला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: "पाऊस आहे वाटतं. पुसून घे गाडी, पाण्याचे डाग पडतात." तिला यायला सांगावं असं वाक्य मी दोन-तीन वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी ते लांबलं आणि मी कापत गेलो. शेवटी उरलं ते पाठवलं: "पुसली."

कव्हर मी कॉन्डोच्या भंगाराच्या खोलीत ठेवून दिलं. पहारेकऱ्याने विचारलं, गाडी विकली का. समोर उभी होती, तरी त्याने विचारलं.

आता रविवारी मी वाणसामान आणायला गाडीने जातो. लिटिल इंडियातल्या दिवसरात्र उघड्या दुकानात सगळं मिळतं. कणीक, तांदूळ आणि पोहे एकाच मोठ्या पिशवीत भरतो. एकट्याला ते दीड महिना पुरतं, तरी दर रविवारी काही ना काही आणायचं निघतंच. मीटरवरचा आकडा वाढतो आहे. उंबऱ्यांवरचं प्लास्टिक एका कोपऱ्यात सुटलं होतं, ते मी ओढून काढलं.

पहिल्या रविवारी पिशवी डाव्या सीटवर ठेवून निघालो आणि पुढच्या सिग्नलपर्यंत गाडी सारखी टिंग टिंग वाजत राहिली. काय बिघडलं ते कळेना. मग पाहिलं. समोर लाल दिवा लागला होता. सीटवर वजन आहे, म्हणजे कुणीतरी बसलं आहे आणि त्याने पट्टा लावलेला नाही, असं गाडीला वाटत होतं. दहा वर्षांत तो दिवा मी कधी लागलेला पाहिला नव्हता.

पिशवी मागच्या सीटवर ठेवता आली असती. मी हात लांब करून पट्टा ओढला, पिशवीवरून घेतला आणि खटका लावला. आवाज थांबला. सिग्नल हिरवा झाला होता. मागच्याने हॉर्न दिला नाही, इथे देत नाहीत. आता पट्टा निघतानाच लावतो.