सर्व्हरबायचा नकार

सर्व्हरबाय चिडल्या की मालवणी सोडून शुद्ध मराठीत बोलायच्या. ते कानावर पडलं की आमच्या काजू खरेदी संस्थेचे अध्यक्षसुद्धा खुर्चीत सावरून बसायचे. खरं नाव त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर होतं, पण सर्व्हर सांभाळणारी बाय म्हणून सगळ्यांच्या तोंडी सर्व्हरबाय.

सर्व्हर कसालच्या मुख्य कार्यालयात. आचरा आणि आमची दोडामार्ग, या शाखांतून आम्ही इंटरनेटवरून त्याच सर्व्हरवर शिरून काम करायचो. प्रोग्राम डॉसच्या जमान्यातला, काळ्या पडद्याचा. हंगामात सगळे एकदम बसले की तो गारठायचा. एका शेतकऱ्याचं नाव येईपर्यंत बाहेर उन्हात पोत्यांची रांग वाढायची, आणि वैतागलेली माणसं पोती पुन्हा टेंपोत टाकून खाजगी व्यापाऱ्याकडे वळायची.

संचालकांनी ठरवलं, प्रोग्राम भंगारात काढायचा आणि "काम होत नाही" म्हणून दोडामार्ग शाखाही बंद करायची. प्रोग्राम दुरुस्त होण्यासारखा नाही, अशा अहवालावर फक्त बायची सही हवी होती.

"या कागदावर मी सही करणार नाही," बाय म्हणाल्या. "दुखणं कुठे आहे ते न बघता मी कुणाला मेलेला ठरवत नाही."

"मग जबाबदारी तुमची!" अध्यक्ष कडाडले.

"माझीच. तसं लिहून घ्या."

दुसऱ्या दिवशी त्या एसटीने दोडामार्गला आल्या आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. मी चहाला उठले, तर म्हणाल्या, "तो मेनू तसोच उघडो ठेवन चललंस? बघ गो हय." त्यांनी सोबत आणलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर कसालच्या सर्व्हरचा प्रोसेसर धापा टाकताना दिसत होता. जुना प्रोग्राम रिकामा असला की सारखं विचारत राहतो, कळ दाबली का, कळ दाबली का. सगळ्या शाखांतले आम्ही मेनू उघडा ठेवून चहा प्यायचो, आणि काम करणाऱ्याच्या वाट्याला काही उरायचं नाही. "काम करता तो खाणा नाय गो, रिकामो बसलेलो खाता," बाय हसल्या. संचालक मंडळाबद्दलही त्या हेच म्हणायच्या.

मग त्यांनी रविवार धरला. आधी सगळ्याची प्रत काढून ठेवली. रिकाम्या प्रोग्रामला गप्प बसवणारी एक छोटी सोय जोडली. माहिती दुसऱ्याच संगणकावर होती, एक नाव शोधायला अख्खी यादी वायरीतून यायची. ती सर्व्हरवरच आणली. फाईल उघडली की अँटीव्हायरस दर वेळी ती तपासत बसायचा. त्याला तेवढ्या फायली सोडायला सांगितलं. प्रत्येकाच्या तात्पुरत्या फायलींना वेगळी जागा दिली.

सोमवारी पहिल्या शेतकऱ्याने पोतं खाली ठेवायच्या आत त्याचं नाव पडद्यावर आलं. तो माझ्याकडे बघत राहिला. "आज मशीन जेवान इला काय गो?"

शाखा वाचली. बायना मात्र माफी मिळाली नाही. पावसाळ्यात त्यांची बदली झाली, आचऱ्याच्या खत गोदामावर. आम्ही सगळ्यांनी मिळून अर्ज द्यायचं ठरवलं, तर त्यांनी झटकून टाकलं. "माझ्यासाठी अर्ज नको. शाखा बंद करूक परत येतले, तेव्हा उभे रवा." गोदामातही त्या ताठ मानेने बसायच्या. मी भेटायला गेले की आधी रांगेची चौकशी, मग माझी. निवृत्तीला थोडे महिने उरले असताना त्या तापाने गेल्या. संस्थेत साधी शोकसभाही झाली नाही.

यंदाच्या वार्षिक सभेत तो ठराव पुन्हा आला. दोडामार्ग बंद. अध्यक्ष वाचत होते, तेव्हा मी उभी राहिले. मागे खुर्च्या वाजल्या. आचऱ्याचे उठले, कसालचे उठले, पोती घेऊन येणारे सभासद उठले.

"बसा," अध्यक्ष म्हणाले.

कोणी बसलं नाही.