डाव्या हाताची बटणं

उज्वलाचा उजवा हात लहानपणापासून लुळा. विंचूरला एका कांदा आडतीवर ती डाव्या हातानेच कॉम्प्युटर चालवायची. तिथलं बिलाचं सॉफ्टवेअर तिच्या मावसभावाने, रविराजने लिहिलेलं. सुरुवातीला तो मुद्दाम नाशिकहून येऊन तिच्या शेजारी स्टूल टाकून बसला होता.

"ताई, बटण दाबलं की प्रोग्रामला सिग्नल जातो. तो कुठल्या कामाला जोडायचा, ते आपण ठरवायचं," म्हणत त्याने तिची सगळी कामं कीबोर्डच्या डाव्या बाजूला आणून ठेवली. तेव्हापासून तिचं बिल कधी अडलं नाही.

परवा सॉफ्टवेअर नवं झालं. तिने सवयीचं बटण दाबलं आणि समोरचं बिलच पुसलं गेलं. बाहेर ट्रॅक्टरवाले खोळंबले. शेठ हळूच म्हणाले, "उज्वला, जमत नसंल तर दुसरं कुणी बघू का?"

तिने रविराजला फोन लावला.

"ताई, गिऱ्हाइकं लय वाढली. सगळ्यांना एकसारखी बटणं द्यावी लागतात. तुझ्या एकटीचं वेगळं कुठं सांभाळू?"

"आधी सांगायचं तरी."

"राहून गेलं गं. होईल सवय."

संध्याकाळी मोबाइलवर त्याच्या सॉफ्टवेअरची जाहिरात आली. 'एका हाताने चालवा, इतकं सोपं!' व्हिडिओत कीबोर्डवर एक डावा हात झरझर फिरत होता. मनगटात हिरव्या बांगड्या. तिचाच हात, तो शेजारी बसला होता तेव्हा मोबाइलवर टिपलेला.

तिने डाव्या अंगठ्याने सावकाश मेसेज लिहिला, "माझी बटणं काढलीस, तसा माझा हातही काढ."