अमिनाच्या मनातलं बेट

मंडळी, भर सभेत गरजणारा मी आज दुपारी लोणावळा स्टेशनबाहेर घाबरलो.

मजूर भरती करणारा एक दलाल तिथे चित्रं दाखवत होता. वेस्ट इंडीजमधलं त्रिनिदाद बेट: निळा समुद्र, नारळी, मोहरमच्या ताबुतांची मिरवणूक. "आपलीच माणसं आहेत तिथं. साहेबलोक हवा खायला येतात, या लोणावळ्याला येतात तसे!"

समोर मांडीवर मूल घेऊन माझ्या ओळखीची अमिना आणि तिचा नवरा बाबू बसले होते. त्यांचं शेत नुकतंच धरणात गेलंय, म्हणून ते त्या बेटावर मजुरीला निघालेत. मी विचारलं, "अमिना, परत कधी येणार?"

"उरुसाला येऊ की, भाऊ. बेट म्हंजे मुंबईवानीच न्हवं का? घाट उतरला की आलं."

मी ओरडून सांगितलं, "अगं, तिथे पोचायलाच बोटीवर महिने जातात! तिथले गुलाम मोकळे झाले, उसाचे मळे ओस पडले, म्हणून आपली माणसं नेतात. पाच वर्षांचा करार, तो मोडला तर तुरुंग!"

दलाल हसला. "भाऊंच्या भाषणानं पोट भरतं का रं, बाबू?"

बाबू जागचा हलला नाही. अमिनाने मूल छातीशी धरलं आणि नवऱ्याकडे बघत हळूच विचारलं, "भाऊ, मी न्हाई म्हनलं तर ह्ये मला हितंच टाकून जातील का?"

मी बाबूसाठी काम शोधायला तडक तुमच्याकडे आलो.

ते संध्याकाळच्या गाडीने निघणार आहेत. बेट खरोखरच सुंदर असेल; त्या चित्रांपुढे माझं कोण ऐकणार, म्हणूनच मला जास्त भीती वाटते. मी पुन्हा स्टेशनवर निघालोय, पण माझ्याकडे नुसते शब्द आहेत. तुमच्यापैकी कोणाकडे बाबूला देण्यासारखं काम आहे का?