दोन विटांच्या पलीकडची गाडी

"आरं ढकलू नका! उचला! ढकलली तर पोट फाटंल तिचं!"

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या एसटी स्टँडच्या अलीकडं आमची बस अडकली होती आणि पुढून ही आरोळी येत होती. आरोळी अशी की पिंपळावरचे कावळे उठून थेट पुणे जिल्ह्यात गेले. मला वाटलं, कुणाची तरी गाभण म्हैस रस्त्यात बसलीय. उतरून बघतो तर स्पीडब्रेकरवर एक लालभडक, चपटी, दोनच माणसांची मोटार. पुढची चाकं पलीकडं, मागची अलीकडं, आणि पोट मधोमध टेकलेलं. शेजारी साठीच्या पुढचे एक गृहस्थ, पांढऱ्या मिशा, टोपी हातात, आणि गर्दीला कवायत शिकवत होते.

मी साताऱ्यात चष्मे विकतो. वजनदार वस्तू म्हणजे फार तर काचांचं खोकं. पण त्या आवाजापुढं 'नाही' म्हणायची सोय नव्हती. मी, आमचा कंडक्टर, एक दूधवाला, वडापाववाला आणि उसाच्या ट्रॅक्टरवरचे दोघं असे लागलो गाडीला. 'हर हर महादेव' झालं, मोटार फुलासारखी वर आली. म्हणजे माझ्या कमरेचा आवाज फुलासारखा नव्हता, पण ते असो.

हे दिनकरअण्णा. इस्लामपूरच्या अलीकडच्या गावचे ऊसवाले, त्याआधी फौजेत ट्रक चालवलेले. गाडी पलीकडं गेल्यावर त्यांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि एकेकाचा फोन नंबर घेतला. मी विचारलं, "नंबर कशाला?"

"म्होरं परत अडकलो मंजे? परत्येक येळी नवी माणसं कुठनं हुडकू?"

त्याच संध्याकाळी आम्ही सगळे एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतो. नाव होतं, 'खाली लागतंय'. जगात मोटारींचे संघ मोटारवाले काढतात. आमचा मोटार उचलणाऱ्यांनी काढला. मोटार एक, सभासद सात, त्यातल्या तिघांकडं सायकल.

एवढी ठेंगणी गाडी का घेतली, हे मी एकदा विचारलं. अण्णा म्हणाले, "जल्मभर उंच बसलो गड्या. ट्रकात उंच, ट्रॅक्टरवर उंच, बैलगाडीत उंच. आता म्हातारपणी जरा जमिनीजवळ बसू दे की." टोपी घालून आत बसलं की ती छताला लागायची, म्हणून ती मांडीवर ठेवत. म्हणत, "टोपी मी दोनच ठिकाणी काढतो. न्हाव्याकडं आन् हिच्यात."

अण्णा ग्रुपवर टाइप करत नसत. आवाज पाठवत. फोन कानाला न लावता, ऐन उन्हाळ्यात शेजारच्या गावाला हाक मारावी तसा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मोजमाप ठरवून दिलं. फूट-इंच बंद. ब्रेकर मोजायचा विटेनं. आडवी वीट म्हणजे हळू जा. उभी वीट म्हणजे माणसं गोळा कर. त्याच्यावर असेल तर दुसऱ्या रस्त्यानं जा आणि बांधणाऱ्याच्या नावानं बोंब मार. मग काय, दूधवाला पहाटे फेरीला निघाला की फोटो टाकायचा: ब्रेकर, त्याच्याशेजारी वीट. कंडक्टर तर एसटी थांबवून वीट लावायचा. प्रवासी आधी चिडायचे, मग उतरून वीट धरायला लागले.

हे फोटो कसे कोण जाणे सांगलीला पोचले. तिथले एक हळदीचे व्यापारी, त्यांचीही गाडी अशीच ठेंगणी, पिवळीधमक. (रंग घरचाच लावलाय असं आम्ही म्हणायचो.) ती गाडी दोन वर्षं शेडमधून बाहेर निघाली नव्हती. त्यांनी विटा बघितल्या आणि पहिल्यांदाच साताऱ्यापर्यंत आले, एकदाही न खरचटता. माझ्या दुकानात येऊन माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी. मी चष्मा दिला, तो घेतला नाही. मग वाईचा दातांचा डॉक्टर आला, मग कोल्हापूरचे आले, मग सोलापूरचे. ग्रुप एक पुरेना, चार झाले. दुबईतला आमच्याच भागातला एक पोरगा आला. त्याच्याकडं म्हणे ब्रेकरच नाहीत. त्याच्याबद्दल सगळ्यांना इतकं वाईट वाटलं की वडापाववाल्यानं त्याला विटेचा फोटो पाठवून दिला.

शेवटी पुण्याची पोरं आली. त्यातला एक पांढऱ्या बुटांचा, फार नेटका. त्यानं सूचना मांडली: नाव जरा बरं ठेवू आणि ज्यांच्याकडं स्पोर्ट्स कार आहे त्यांनाच ठेवू. माझ्याकडं स्कूटर होती, तीही भावाची. अण्णांचा आवाज आला, आणि माझ्या दुकानातल्या काचा शहारल्या:

"गाडी मालकाची आसती व्हय रं? आडकली की कुणाची आसती, सांग!"

पोरानं ग्रुप मात्र सोडला नाही.

आता यात गंमत अशी, की महाराष्ट्रभर ब्रेकरातून वाट काढून देणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी स्वतःच्या दारात कधी गेली नव्हती. गावाच्या वेशीवरच्या गुऱ्हाळात ती मुक्कामाला. कारण मधे शाळा, आणि शाळेपुढं ब्रेकर. दोन विटांचा, उभ्या! बांधून घेतला होता सरपंचांनी. आणि सरपंच म्हणजे सुमनवहिनी. अण्णांची बायको.

तशी अण्णांची तक्रार नव्हती. पण त्या वर्षी त्यांची आई अंथरुणाला लागली. नव्वदीची म्हातारी, दोन पावलं धरून टाकायची, बस्स. एक दिवस म्हणाली, "दिनू, समद्या मुलखानं तुझी गाडी बघितली. मलाच तेवढी न्हाई दावलीस." अण्णा हबकले. म्हणाले, "चल आये, खुर्चीत बसवून गुऱ्हाळावर नेतो. चौघं उचलू."

म्हातारी म्हणाली, "चौघांनी उचलून न्यायचं ते एकदाच. तवा न्या."

गाडीच दारात आणायला पाहिजे, आणि ती बी लवकर. अण्णांनी ग्रामसभेत अर्ज दिला: ब्रेकर कमी करावा. सभेला मी मुद्दाम साताऱ्याहून गेलो. ग्रामसेवकानं विचारलं, "अर्जदार कोण?" वहिनींनी कागदावरून मान वर केली नाही. "त्यांनाच विचारा. मी नाव घेत नसते."

सभा हसली. अण्णा उभे राहिले. "सरपंच मॅडम, एकच वीट कमी करा. आयेसाठी."

"आत्याबाईंची सेवा मी बी करते," वहिनी म्हणाल्या. "पर शाळा सुटायच्या टायमाला उसाचे ट्रॅक्टर कसे यायचे, आठवतंय न्हवं? दोन-दोन ट्रॉल्या, गाणी लावून. आता थांबत्यात. कशामुळं थांबत्यात?"



"दोन विटांमुळं," अण्णा म्हणाले, इतकं हळू की गळा बिघडला असेल असं मला वाटलं, आणि खाली बसले.

संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा आवाज आला. पहिल्यांदाच मला फोन कानाला लावावा लागला. "ब्रेकर हाय तसा ऱ्हाणार. सरपंचाचं बरोबर हाय. पर आयेचं आता काय खरं न्हाई. रविवारी कुणाला सवड आसंल तर या."

रविवारी किती माणसं आली म्हणता? पाच हजार! बरं, दोनशे म्हणा. पण गाव भरलं होतं, एवढं खरं. कंडक्टर रजा टाकून, हळदवाले पिवळी गाडी वेशीवर लावून, डॉक्टर दवाखाना बंद करून. पांढऱ्या बुटांचा पोरगाही होता, डाव्या मागच्या चाकाला; पहिल्याच पावलाला त्याचा बूट शेणात गेला आणि त्यानं तो तसाच ठेवला. खालून वासे घातले, हलगी कडाडली आणि लाल गाडी उचलली गेली. ब्रेकर ओलांडला. आता ठेवायची खाली, बरोबर? पण हलगी थांबेना आणि माणसंही थांबेनात. वाजत-गाजत निघाली वरात सरळ गल्लीतून. अण्णा मागून पळत, टोपी हातात, ओरडत:

"आरं ठेवा रं खाली! चाकं हायत तिला! चाकं हायत!"

ऐकतो कोण! थेट दारात नेऊन ठेवली. वहिनींनी आतून ताट आणलं, सरपंचपण बाजूला ठेवून गाडीला कुंकू लावलं आणि नवऱ्याकडं न बघता आत गेल्या. येताना सासूला धरून घेऊन आल्या.

म्हातारी हळूहळू पायरी उतरली. हलगी थांबली. सगळ्यांचे फोन वर गेले. चार ग्रुप आणि एक दुबई श्वास रोखून बसलं होतं. तिनं गाडीच्या पाठीवरून हात फिरवला, बैलाच्या फिरवावा तसा. काच खाली करायला लावली. आत डोकं घातलं, पुढं बघितलं, मागं बघितलं. पुष्कळ वेळ मागंच बघत राहिली.

अण्णा जवळ सरकले. "कशी हाय, आये?"

म्हातारीनं डोकं बाहेर काढलं.

"पोतं कुठं ठेवतोस रं हिच्यात?"